मायबोली, शाळा आणि सरकारी कागद



आमच्या धाराशिव जिल्ह्यांतील जुन्या घरांच्या पेट्या उघडल्या म्हणजे अजूनहि जमिनीचे असे कागद हातीं लागतात, कीं खालीं पणजोबांची सही मोडींत आणि वरचा सारा मजकूर उर्दूंत. वारसाचा तंटा उभा राहिला, कीं तो कागद वाचून देणारा जाणता माणूस शोधीत हिंडावें लागतें. शेत आपलें, गांव आपलें. पण त्या शेताचा धनी कोण हें मात्र आपल्याला वाचतां येऊं नये! हा प्रसंग ज्या काळानें आणला, त्याविषयीं आज दोन शब्द बोलावयाचे आहेत.

निजामाच्या हैदराबाद संस्थानांत मराठी बोलणारे लोक सुमारें एकचतुर्थांश होते. तेलुगु बोलणारे त्यांहून पुष्कळ अधिक. उर्दू ही थोड्यांच्याच घरची भाषा. १८८४ सालीं फारसी जाऊन उर्दू ही राज्यकारभाराची भाषा झाली, आणि १९१८ सालीं उस्मानिया विद्यापीठ स्थापन होऊन उच्च शिक्षणहि उर्दूंतून देण्याचा उपक्रम सुरू झाला. इंग्रजीचा सर्वत्र दरारा असतां एका देशी भाषेवर इतका विश्वास टाकणें हें धाडसाचें काम होतें. त्याचें श्रेय नाकारणें कोत्या मनाचें ठरेल. दुःख इतकेंच, कीं जो न्याय दरबारानें उर्दूला दिला, तो मराठी, तेलुगु आणि कानडी यांना दिला नाहीं. आमच्याकडील मुलानें आरंभीं मराठी मुळाक्षरें गिरवावीं आणि वरच्या वर्गांत इतिहास, गणित, शास्त्र सारें उर्दूंतून घोकावें. माझे वडील याच रीतीनें शिकले. म्हातारपणींहि ते पावकी-निमकी मराठींत म्हणत आणि उत्तराचा आंकडा मात्र उर्दूंत उच्चारीत.

लोक स्वस्थ बसले नाहींत. १९२१ सालीं आमच्याच जिल्ह्यांत, आजच्या लोहारा तालुक्यांतील हिप्परगा या खेड्यांत, राष्ट्रीय शाळा निघाली. पुढें स्वामी रामानंद तीर्थ या नांवानें सर्व संस्थानाला ठाऊक झालेले व्यंकटेश खेडगीकर हे या शाळेचे मुख्याध्यापक होते. १९३५ सालीं ते अंबाजोगाईस गेले. आडगांवची शाळा ती केवढी! परंतु पुढील लढ्याचें बीज अशाच शाळांतून पडलें. १९३७ सालीं परतूर येथें महाराष्ट्र परिषदेचें पहिलें अधिवेशन भरलें आणि मराठी लोकांच्या गाऱ्हाण्यांना व्यासपीठ मिळालें.

त्याच १९३७ सालीं दूर जर्मनींत एका लहान समाजाचें व्यासपीठ हिरावलें गेलें. लुसेशिया प्रांतांत सॉर्ब नांवाचे लोक राहतात. भोंवतीं सारे जर्मन, यांची भाषा मात्र स्लाव्ह कुळांतील. १९१२ सालीं स्थापन झालेल्या त्यांच्या ‘डोमोविना’ या संस्थेवर नाझी सरकारनें बंदी घातली. महायुद्ध संपल्यावर, २३ मार्च १९४८ रोजीं, सॅक्सनीच्या विधिमंडळानें सॉर्ब भाषेला व तिच्या शाळांना कायद्याचें संरक्षण दिलें. इकडे त्याच वर्षीं १७ सप्टेंबरला निजामानें शरणागति पत्करली. असा हा योगायोग.

पण कायदा झाला म्हणजे शाळा टिकतेच असें नाहीं. २००१ सालीं क्रोस्टविट्झ या सॉर्ब गांवांत पांचवीच्या वर्गास सतराच मुलें आलीं. सरकारी नियम विसांचा. वर्ग नामंजूर झाला. पालकांनीं कित्येक आठवडे तो आपल्या हिमतीवर चालविला, तरी ती शाळा अखेर बंद पडली. विसांच्या पटाचा हा हिशेब आपल्याकडील खेड्यांतील शिक्षकांना निराळा समजावून सांगावा लागणार नाहीं!

आमची मराठी मात्र सुदैवी ठरली. १९५६ सालीं मराठवाडा मुंबई राज्यांत आला, १९६० सालीं महाराष्ट्र झाला, आणि ३ ऑक्टोबर २०२४ रोजीं केंद्र सरकारनें मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. ज्या १९५६ सालीं आम्ही मराठी राज्याच्या वाटेस लागलों, त्याच सालीं घटनेंत ३५० अ हें कलम आलें. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांस प्राथमिक शिक्षण मातृभाषेंतून मिळण्याची सोय व्हावी, यासाठीं प्रत्येक राज्यानें झटावें, असें तें सांगतें. हें कलम मला शिक्षकाच्या प्रशिक्षणांत कोणी शिकविलें नाहीं, आणि मींहि तें शोधलें नाहीं.

मॅट्रिक होऊन मी शिक्षकी पत्करली. नोकरीच्या आरंभींच्या वर्षांत एका शाळेंत बंजारा तांड्यावरचीं मुलें येत. त्यांची बोली गोरमाटी. तिला आठव्या अनुसूचींत अद्याप स्थान नाहीं. पहिलीच्या वर्गांत मीं आईचें चित्र दाखविलें. एक मुलगी आनंदानें ओरडली, “याडी!” मीं तिला फळ्याजवळ बोलावून दहा वेळां ‘आई’ लिहावयास लाविलें. वर्ग हंसला, मीहि हंसलों असेन. घरीं वडील होते, पण ही हकीकत त्यांना सांगावी असें मला सुचलें नाहीं. त्यानंतर कोणतेंहि चित्र दाखविलें, कीं ती मुलगी आधीं माझ्या तोंडाकडे पाही, आणि कोणी दुसऱ्यानें उत्तर दिल्यावर तेंच हळूच म्हणे.