गायरान कुणाचं?

मी प्राथमिक शिक्षक होतो तेव्हाची गोष्ट. चौथीच्या मुलांना घेऊन एकदा गावाबाहेरच्या माळावर गेलो होतो. परिसर अभ्यासाचा तास होता. कुसळी गवत, चार-दोन बाभळी आणि लांबवर चरणारी मेंढरं. एका मुलानं विचारलं, "गुरुजी, हे रान कुणाचं?" मी काही बोलायच्या आत दुसरा म्हणाला, "कुणाचंच नाही. सरकारी आहे!"

हे उत्तर त्याचं नव्हतं, मोठ्यांकडून ऐकलेलं होतं. सरकारी म्हणजे कुणाचंच नाही आणि कुणाचंच नाही म्हणजे जो आधी कुंपण घालील त्याचं, हा हिशेब आपण मुलांना न शिकवता शिकवतो. खरं म्हणजे तो माळ गायरान होता, म्हणजे गावातल्या प्रत्येकाचा.

गावाला अशी सामाईक जमीन पूर्वापार होती. पुढे इंग्रजी अमलात पुणे जिल्ह्यात इंदापूरपासून, १८३५-३६ च्या सुमारास, जमिनीची नवी मोजणी सुरू झाली. प्रत्येक तुकड्याला नंबर मिळाला. मोजणीची साखळी ३३ फुटांची होती आणि ३३ फूट लांब-रुंद चौकोन म्हणजे एक गुंठा. १८७९ च्या मुंबई जमीन महसूल कायद्यानं गुरं चारण्यासाठी नंबर राखून ठेवण्याची तरतूद केली. महाराष्ट्राच्या १९६६ च्या जमीन महसूल संहितेतही ती आहे. चराऊ रान, वैरणीची जागा, गावठाण, दहन-दफनभूमी, मळणीचं खळं, बाजार, मेलेल्या जनावरांची कातडी सोलण्याची जागा, अशी ती यादी आहे. गावाचा सगळा संसार त्या यादीत दिसतो. गावाची उतरंडही दिसते, कारण कातडी सोलण्याचं काम कुणाच्या वाट्याला होतं हे सर्वांना ठाऊक आहे.

ही जमीन कुणाच्या उपयोगाची होती? महात्मा जोतीराव फुल्यांनी १८८३ मध्ये 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला. त्याआधी पाचच वर्षं, १८७८ मध्ये, नवा जंगल कायदा आला होता. जोतीरावांची तक्रार अशी, की थोडक्या जमिनीचा गरीब शेतकरी आजूबाजूच्या रानातली फळं, पानं-फुलं नि सरपण विकून आणि गावच्या गायरानावर एखाददुसरी गाय, दोन-चार शेळ्या पाळून दिवस काढत असे. जंगल खात्यानं डोंगराबरोबर ती गायरानंही आपल्याकडे घेतली आणि त्याच्या शेळीला जागा उरली नाही. ज्याच्याकडे वीस एकर आहेत त्याच्या बांधावर गवत असतंच. गायरान लागतं ते ज्याच्याकडे बांधच नाही त्याला.

हे सगळं मी वर्गात सांगितलं आणि शेवटी म्हणालो, "अशा जमिनीवर कुणी घर बांधलं, शेत केलं, तर त्याला अतिक्रमण म्हणतात." मागच्या ओळीतल्या एका मुलीनं मान खाली घातली. तिचं घर गायरानावरच होतं. आईबाप दुसऱ्यांच्या रानात रोजगाराला जात. मला गप्प व्हावं लागलं. अर्धाच इतिहास सांगून मी तिला गुन्हेगार ठरवून बसलो होतो.

उरलेला अर्धा मी दुसऱ्या दिवशी सांगितला. १९५९ मध्ये आणि पुन्हा १९६४-६५ मध्ये कर्मवीर दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांनी सत्याग्रह केले. माणसं तुरुंगात गेली. मागणी एवढीच होती, की पडीक सरकारी जमीन कसणाऱ्या भूमिहीनाला द्या. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या गावानं गावाबाहेर ठेवलं, त्यांनी गावाच्या सामाईक जमिनीत आपला वाटा मागितला, तर तो हडपणं होत नाही.

पुढे, २८ जानेवारी २०११ रोजी, सर्वोच्च न्यायालयानंही हा फरक केला. पंजाबात पतियाळा जिल्ह्यातल्या एका गावच्या तळ्याच्या जागेत भराव टाकून बांधकामं झाली होती. पैसे घेऊन ती कायम करावीत, असं अधिकाऱ्यांचं म्हणणं होतं. न्यायालयानं ते नाकारलं आणि गावांच्या सामाईक जमिनी मोकळ्या करण्याची योजना आखायला सर्व राज्यांना सांगितलं. मात्र सरकारी आदेशानं भूमिहीन मजूर, अनुसूचित जाती-जमातींना दिलेले पट्टे आणि जिथं आधीच शाळा, दवाखाना उभा आहे अशा जागा, अशा मोजक्या बाबतीत अपवादाला वाट ठेवली. त्याच वर्षी जुलैत महाराष्ट्र शासनानंही आपला निर्णय काढला. कागद झाले. पण गायरान कुठून कुठवर आहे हे गावालाच माहीत नसेल, तर कागद काय करील?

म्हणून पालकांना आणि शिक्षकांना माझी विनंती आहे. मुलांना एकदा गावचा नकाशा दाखवा. सातबारा आता मोबाइलवरही दिसतो; त्यात गायरानाचा गट शोधायला लावा. मालकी शासनाची, देखभाल ग्रामपंचायतीची आणि वापर गावाचा, ही तीन नाती समजावून सांगा. मग ३३ फुटांची दोरी घेऊन प्रत्यक्ष माळावर जा. शहरात असाल तर प्रभागातलं मैदान, बाग, तलाव यांपासून सुरुवात करा. आणि मुलांना दोन प्रश्न विचारायला शिकवा. इथं पूर्वी कोण येत होतं? आता कोण येऊ शकत नाही?

आम्ही त्या वर्षी दोरी घेऊन गेलो. पहिला गुंठा मोजून चार कोपऱ्यांना चार दगड ठेवले. दोरीचं एक टोक त्या मुलीच्या हातात होतं. पलीकडून मेंढरं आली आणि आमच्या गुंठ्यातूनच चरत पुढे गेली. मुलं त्यांना हाकलायला धावली. ती मात्र जागची हलली नाही. म्हणाली, "राहू दे की. त्यांचंबी हायच."

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)