गावगाड्याची ओढ

गतकालाविषयी ओढ वाटणे हा मनुष्यस्वभावच होय. तथापि ती ओढ नेमकी कशाची, याचा विचार क्वचितच होतो. कृषिपर्यटनाच्या केंद्रांत शहरवासी कुटुंबे पैसे मोजून बैलगाडीत बसतात, चुलीवरची भाकरी खातात. उपाहारगृहांच्या भिंतींवर जुनी चाके टांगलेली दिसतात. कोल्हापूरनजीक कणेरी येथील सिद्धगिरी संग्रहालयात तर बलुतेदारांसह अवघे खेडे पुतळ्यांच्या रूपाने उभे केले आहे. त्या चाकांत व नांगरांत आम्हा सुतारांस आपल्या पूर्वजांचे हात दिसावेत आणि ऊर भरून यावा, हे स्वाभाविक आहे. म्हणूनच या आकर्षणाची चिकित्सा करण्याचे कर्तव्यही प्रथम आमच्याकडे येते.

जुन्या व्यवस्थेत सुतार हा थोरल्या कासेतील बलुतेदार. नांगर, कुळव, पाभर, मोटेचे चाक ही त्याची कामे. लाकूड कुणब्याचे, श्रम सुताराचे, आणि मोबदला सुगीच्या वेळी खळ्यावर. मोल्सवर्थ यांच्या १८५७ च्या कोशात या मोबदल्याचे प्रमाण नोंदलेले आहे. थोरल्या कासेत सुतार, लोहार, महार व मांग. पैकी महारास आठ पाचुंदे आणि इतर तिघांस प्रत्येकी चार, म्हणजे वीस पेंढ्या. मधल्या कासेतील कुंभार, चांभार, परीट व न्हावी यांस तीन; धाकट्या कासेतील भट, मुलाणा, गुरव व कोळी यांस दोन. नांगराच्या प्रत्येक दुरुस्तीचा निराळा भाव होत नसे. वर्षभराचे काम आणि वर्षभराचे पोट यांची सांगड घातलेली असे.

या रचनेचे कौतुक परक्यांनीही केले. पेशव्यांच्या मुलखाविषयीच्या १८१९ च्या अहवालात एल्फिन्स्टन यांस प्रत्येक गाव हे एक लहानसे राज्यच भासले. १८३० मध्ये मेटकाफ यांनी उत्तरेकडील गावांची तुलना छोट्या प्रजासत्ताकांशी केली. आज नोकरदारास उद्याची शाश्वती नाही आणि शेजारी शेजाऱ्यास ओळखीत नाही. अशा वेळी, प्रत्येकाचे काम ज्यास हवे होते असा गाव मनास मोहवितो. आधुनिक माणसास ओढ आहे ती या शाश्वतीची; कुळव-पाभरीची नव्हे.

परंतु ज्या दोरीने माणूस गावाशी जोडलेला होता, तीच दोरी त्याचे दावेही होती. महाराचे पाचुंदे सर्वांहून अधिक. पण त्याचे घर गावकुसाबाहेर आणि वतनाची चाकरी अहोरात्र. धान्याच्या वाट्याने मान मोजला जात नव्हता, हे या एका उदाहरणाने स्पष्ट होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १८७४ चा वतन कायदा सुधारण्यासाठी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात विधेयक मांडले. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत त्यांनी खेड्याच्या गौरवाचा कठोर समाचार घेतला. पुढे १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गाववतने संपुष्टात आली. आमची स्थिती तुलनेने बरी असली, तरी सुताराच्या मुलाने सुतारच व्हावे हा दंडक आम्हांसही होता. आणि पीक बुडाले की बलुतेही बुडत असे.

१९१० साली किर्लोस्करवाडी वसली आणि तेथील लोखंडी नांगर शेतात आले. रोख मजुरीचा व्यवहार वाढला. आपले अनेक बांधव मुंबई-पुण्याकडे गेले, ते केवळ नाइलाजाने नव्हे. स्वतःच्या श्रमाची किंमत स्वतः सांगण्याची मुभा आणि मुलांस शाळा, यांचेही त्यांस आकर्षण होते. त्यांचे हे पाऊल म्हणजे परंपरेचा द्रोह होता, असे आम्हांस वाटत नाही.

मग जुन्यातून घ्यावयाचे काय? आमच्या मते, जन्माची सक्ती वगळून परस्परांची जबाबदारी तेवढी घ्यावी. ज्या मुलीस रंधा हाती घ्यावासा वाटेल तिला तो मिळावा. ज्या मुलास तो नको असेल त्याच्या शिक्षणास ज्ञातीने हातभार लावावा. वृद्ध कारागिरास त्याच्या पडत्या काळात आधार असावा. आणि ही आपुलकी ज्ञातीच्या कुंपणाशी थांबू नये, कारण गावाचे खळेही एका ज्ञातीचे नव्हते. भिंतीवर टांगलेले चाक पाहून पूर्वजांचा अभिमान अवश्य बाळगावा. परंतु ज्या गाडीला ते होते ती गाडी कोणाच्या खांद्यावरून चालली, हे विसरून चालणार नाही.