प्रोग्रेसिव्ह मेटल : रचनेची लांबी आणि कलावंताचे स्वातंत्र्य

हेवी मेटलचा आवेग आणि १९७० च्या दशकातील प्रोग्रेसिव्ह रॉकची दीर्घ, बहुखंडी रचना यांच्या संयोगातून १९८० च्या दशकात अमेरिकेत प्रोग्रेसिव्ह मेटल हा संगीतप्रकार आकारास आला. त्याचे मूल्यमापन बहुधा वादनकौशल्याच्या आधारे केले जाते. तथापि रचनेची लांबी कोणी ठरवावी, हा प्रश्नही त्याच्या इतिहासात तितकाच महत्त्वाचा आहे.

या दृष्टीने ‘ड्रीम थिएटर’ या बँडची वाटचाल उद्बोधक ठरते. बॉस्टनच्या बर्कली संगीत महाविद्यालयातील जॉन पेत्रुची, जॉन म्युंग व माइक पोर्टनॉय या विद्यार्थ्यांनी १९८५ मध्ये त्याची स्थापना केली. ‘इमेजेस अँड वर्ड्स’ (१९९२) या अल्बममधील ‘पुल मी अंडर’ हे आठ मिनिटांहून दीर्घ गीत अनपेक्षितपणे लोकप्रिय झाले. साहजिकच ध्वनिमुद्रण कंपनीच्या अपेक्षा वाढल्या. ‘फॉलिंग इन्टू इन्फिनिटी’ (१९९७) च्या वेळी रेडिओस मानवतील अशा गीतांचा आग्रह धरला गेला व सुमारे २० मिनिटांची एक रचना त्यातून वगळली गेली. तिच्याच विस्तारातून १९९९ मध्ये ‘मेट्रोपोलिस पार्ट २ : सीन्स फ्रॉम अ मेमरी’ हा सलग कथानक असलेला, सुमारे ७७ मिनिटांचा अल्बम सिद्ध झाला.

सारांश, ज्या दीर्घ गीताने बाजारपेठ मिळवून दिली, त्याच बाजारपेठेने पुढे दीर्घतेवर मर्यादा घातली. ती मर्यादा ओलांडण्याच्या या प्रयत्नातही या संगीताची प्रागतिकता शोधावी लागते.