तंजावरचे नृत्य आणि बडोद्याचा प्रेक्षक

बडोद्याच्या मराठी माणसाला तंजावर परके नाही. १८८० साली तिसऱ्या सयाजीरावांचा विवाह तंजावरच्या मोहिते घराण्यातील लक्ष्मीबाईंशी, म्हणजे पहिल्या चिमणाबाईंशी झाला. त्या निमित्ताने गौरा आणि कांतिमती या नर्तकी आपल्या नट्टुवनार व वादकांसह बडोद्यात आल्या. दुसऱ्या सरफोजीराजांच्या तंजावर दरबारात चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम् आणि वडिवेलू या चार भावांनी ज्या नृत्याची घडी बसवली, ते नृत्य असे एका मराठी सुनेच्या पाठोपाठ दुसऱ्या मराठी दरबारात आले.

पण या नृत्यातली पदे मुख्यतः तेलुगू आणि तमिळ. समोरची मंडळी मराठी, गुजराती. मग त्यांच्यापर्यंत पोहोचायचे काय?

पदातली एक ओळ गायक पुन्हा पुन्हा घोळवतो. आशय एवढाच, की तो अजून आला नाही. नर्तकी दर वेळी तो वेगळा दाखवते. कधी नजर दाराकडे, कधी विझत आलेली ज्योत, कधी रागाने भिरकावलेला गजरा. याला संचारी म्हणतात. कसलेली नर्तकी यातले बरेचसे जागच्या जागी सुचवून घेते. समोरचा चेहरा खुलला तर ती तोच भाव वाढवते. कोरा राहिला तर दुसरी वाट धरते. बैठकीच्या लावणीची अदा पाहिलेल्यांना हे वेगळे सांगायला नको.

भरताने नाट्यशास्त्रात प्रयोग साधला की नाही, हे प्रेक्षकांवरून ओळखायला सांगितले आहे. स्मित, हसू, ‘साधु’, ‘अहो’, ‘कष्टम्’ असे उद्गार ही एक खूण. अंगावर उभा राहिलेला काटा, आसनावरून उठणे, वस्त्र किंवा अंगठी काढून देणे ही दुसरी. आम्ही डॉक्टर मंडळी रुग्णाचे शब्द आणि शरीर दोन्ही वाचतो. भरत प्रेक्षकाला नेमके तसेच वाचतो. भाषा न कळणाऱ्याच्या अंगावरही काटा येतो. म्हणून बडोद्यात हे नृत्य परके राहिले नाही.

१९३९ साली सयाजीराव गेले. १९४९ मध्ये संस्थान विलीन झाले आणि त्याच वर्षी विद्यापीठ उभे राहिले. कांतिमतीचे पुत्र कुबेरनाथ तंजोरकर पुढे तिथे नृत्य शिकवू लागले. म्हणजे नृत्य टिकले. पण प्रेक्षक मात्र नाट्यगृहाच्या अंधारात जाऊन बसला. डोळ्यांवर दिव्यांचा झोत घेऊन नाचणारीला त्याचा चेहरा दिसेनासा झाला.

दरबारी दप्तरात नेमणुका आणि पगार सापडतील. कुणाच्या अंगावर कधी काटा आला, ते तिथे शोधून मिळणार नाही. ते आपल्या आजी-पणजीच्या बोलण्यात होते. तुमच्या घरी अशी एखादी आठवण अजून कुणाच्या ओठावर असेल, तर ती आजच लिहून घ्या. नर्तकींची नावे इतिहासात राहिली. त्यांना दाद देणाऱ्यांची नोंद आपणच करायची आहे.