मल्लखांब स्पर्धा, जागतिक

मल्लखांब ह्या महाराष्ट्रात विकसित झालेल्या व्यायामप्रकारातील आंतरराष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा. पहिली जागतिक स्पर्धा १६ व १७ फेब्रुवारी २०१९ रोजी मुंबईतील दादर भागातील शिवाजी पार्क मैदानावर झाली. दुसरी २०२३ मध्ये भूतानमध्ये भरली. मल्लखांबाची विद्या जुनी असली, तरी तिला स्पर्धेचे रूप विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आले आणि जागतिक स्पर्धेचे रूप येण्यास एकविसावे शतक उजाडावे लागले. मल्लखांबात प्रतिस्पर्धी समोर नसतो. अंतर, वेळ वा वजन ह्यांपैकी कशाचेही माप त्यात घेतले जात नाही. अशा व्यायामात कोण श्रेष्ठ, हे ठरवण्यासाठी साधन, परिभाषा व गुणांकन ह्या तिन्ही बाबतींत एकवाक्यता व्हावी लागते. जागतिक स्पर्धेचा इतिहास हा मुख्यतः ही एकवाक्यता घडत गेल्याचा इतिहास होय.

साधन व प्रकार : मल्लखांबाचे तीन प्रकार स्पर्धांत रूढ आहेत. पुरलेला मल्लखांब हा साग वा शिसवी लाकडाचा, जमिनीपासून सु. अडीच मी. उंचीचा आणि वर निमुळता होत जाणारा खांब असतो. त्याचे अंग, मान व बोंड असे तीन भाग मानतात. पकड सुलभ व्हावी आणि अंगास घर्षणाची इजा होऊ नये म्हणून त्यास एरंडेल तेल लावतात. टांगता मल्लखांब आखूड असून साखळीने लोंबकळत ठेवलेला असतो. तो झुलतो व स्वतःभोवती फिरतो, त्यामुळे त्यावर तोल राखणे अधिक अवघड असते. दोरीचा मल्लखांब पूर्वी वेतावर करीत. लांब व चिवट वेत मिळणे कठीण झाल्यावर त्याची जागा सुती दोरीने घेतली. पायाच्या अंगठ्याच्या बेचक्यात दोरी पकडून वर चढणे आणि कोठेही गाठ न मारता शरीराभोवती तिचे वेढे घेऊन आसने करणे, हे त्याचे वैशिष्ट्य आहे. निराधार व हत्यारी मल्लखांबासारखे प्रकार प्रात्यक्षिकांपुरते उरले आहेत.

पूर्वपीठिका : चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर ह्याच्या मानसोल्लास ह्या बाराव्या शतकातील ग्रंथात मल्लांच्या व्यायामांचे वर्णन असून त्यात ‘स्तंभश्रम’ हा खांबावरील व्यायाम आढळतो. त्यानंतरच्या काळातील ह्या विद्येची माहिती तुटक आहे. तिचे पुनरुज्जीवन करण्याचे श्रेय दुसऱ्या बाजीराव पेशव्यांच्या पदरी असलेले बाळंभटदादा देवधर ह्यांना दिले जाते. निजामाच्या राज्यातून आलेल्या मल्लांचे आव्हान स्वीकारण्यापूर्वी त्यांनी वणीच्या सप्तशृंग गडावर साधना केली आणि झाडावरच्या माकडांच्या हालचालींवरून त्यांना ह्या व्यायामाची स्फूर्ती मिळाली, अशी आख्यायिका आहे. आख्यायिका बाजूला ठेवली, तरी मल्लखांबाचा मूळ हेतू तीवरून स्पष्ट होतो. खांब हा कुस्तीतील जोडीदाराच्या जागी असे. त्यावर घातलेली अढी, तेढी वा बगली ही प्रतिपक्षाच्या कमरेस, मानेस वा हातास घालावयाच्या पकडीची तालीम असे.

पेशवाईच्या अस्तानंतर ही विद्या शिष्यपरंपरेने काशी, बडोदे, ग्वाल्हेर, उज्जैन इ. ठिकाणी पोहोचली. प्रत्येक आखाड्याचे गुरू वेगळे, खांबाची मापे वेगळी आणि उड्यांची नावेही पुष्कळदा वेगळी असत. ह्या विखुरलेल्या ज्ञानाचे संकलन करण्याचा मोठा प्रयत्न बडोद्यास द. चिं. करंदीकर मुजुमदार ह्यांच्या व्यायाम ज्ञानकोशाने केला. त्याचे खंड १९३६ पासून प्रसिद्ध होऊ लागले. सलाम्या, दसरंग, फिरक्या, सुईदोरा, वेल, ताजवे, फरारे, उतरत्या अशा उड्यांचे वर्गीकरण लिखित स्वरूपात उपलब्ध झाल्यामुळे पुढील नियमावलींना आधार मिळाला.

प्रात्यक्षिकाकडून स्पर्धेकडे : १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या निमित्ताने अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने जर्मनीत भारतीय व्यायामांची प्रात्यक्षिके केली. त्यांत मल्लखांबाचाही अंतर्भाव होता. परदेशी प्रेक्षकांना त्याचे कौतुक वाटले, तथापि ते प्रात्यक्षिकच राहिले.

ह्याच वर्षी जर्मनीतच गार्मिश-पार्टेनकिर्चेन येथे भरलेल्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये आल्प्स पर्वतातील उताराच्या बर्फघसरीस, म्हणजे आल्पाइन स्कीइंगला, प्रथमच स्थान मिळाले. ह्या दोहोंची तुलना उद्‌बोधक आहे. बर्फावरील घसरपट्ट्यांचा वापर मुळात प्रवासासाठी होत असे आणि त्यांच्या शर्यतींवर नॉर्वेच्या परंपरेचा पगडा होता. उतारावरील शर्यत हा खरा खेळ नव्हे, असे नॉर्वेतील अनेक जाणकारांचे मत होते. इंग्रज संघटक आर्नल्ड लन ह्यांनी १९२२ मध्ये स्वित्झर्लंडमधील म्यूरेन येथे निशाणांमधून वळणे घेत उतरण्याची शर्यत नव्या नियमांनी घेतली. आंतरराष्ट्रीय स्कीइंग महासंघाने १९३० मध्ये ह्या प्रकारांस मान्यता दिली आणि १९३१ मध्ये म्यूरेन येथेच पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली. तीत पुरुषांबरोबर स्त्रियांच्याही शर्यती होत्या. नव्या नियमांनी घेतलेली पहिली शर्यत आणि ऑलिंपिक प्रवेश ह्यांत अवघ्या चौदा वर्षांचे अंतर होते. ह्या शर्यतीत घड्याळ हाच निर्णायक होता आणि अनेक राष्ट्रांत खेळाडू आधीच तयार होते. मल्लखांबाजवळ १९३६ मध्ये ह्यांपैकी काहीच नव्हते. त्याला घड्याळाऐवजी सर्वमान्य परीक्षक घडवावे लागले आणि अन्य देशांत खेळाडूही नव्याने तयार करावे लागले.

राष्ट्रीय स्पर्धा : स्वातंत्र्योत्तर काळात मल्लखांबास प्रथम जिम्नॅस्टिक्सच्या संघटनेचा आश्रय मिळाला. १९५८ मध्ये दिल्लीतील राष्ट्रीय जिम्नॅस्टिक्स स्पर्धांत त्याचा प्रवेश झाला आणि १९६२ मध्ये ग्वाल्हेर येथे राष्ट्रीय पातळीवर मल्लखांबाची स्पर्धा घेण्यात आली. तथापि ऑलिंपिकमधील साधनांवर भर असलेल्या त्या संघटनेत मल्लखांबाचे स्थान दुय्यम होते. १९८१ मध्ये भारतीय मल्लखांब महासंघ स्थापन होऊन स्वतंत्र राष्ट्रीय स्पर्धा सुरू झाल्या. ह्या कार्यात उज्जैनच्या कार्यकर्त्यांचा वाटा मोठा होता. मध्य प्रदेशाने २०१३ मध्ये मल्लखांबास राज्यक्रीडेचा दर्जा दिला.

गुणांकन : स्पर्धक ठराविक वेळेत उड्यांचा एक सलग संच सादर करतो. काही फेऱ्यांत संच सर्वांना सारखाच नेमून दिलेला असतो, तर काहींत तो स्पर्धकाने स्वतः रचलेला असतो. काठिण्यानुसार प्रकारांची श्रेणी ठरवलेली असून गुण दहापैकी देतात. काठिण्य, विविध गटांतील प्रकारांचा समावेश, सलगता, तोल, शरीराची ठेवण आणि उतरताना जमिनीवर स्थिर उभे राहणे ह्यांचा विचार होतो आणि प्रत्येक दोषास गुण वजा होतात. ह्या पद्धतीने निकालात नेमकेपणा आला, मात्र तिचा परिणाम व्यायामाच्या स्वरूपावरही झाला. कुस्तीस उपकारक अशा दीर्घ पकडी, सावकाश करावयाचे प्रकार व वारंवार घोटून करावयाची मेहनत ह्यांना थोड्या वेळाच्या संचात वाव उरला नाही. त्यांऐवजी वेगवान फिरक्या, उड्डाणे व अवघड समतोल ह्यांना महत्त्व आले. मूळ तालीम व आजची स्पर्धा ह्यांतील हे अंतर जुन्या परंपरेच्या अभ्यासकांना खुपते. परंतु ह्याच बदलामुळे कुस्तीशी संबंध नसलेल्या मुलामुलींना ह्या विद्येचे दार उघडले, हेही खरे.

मुंबईतील कार्य : गिरगावातील चाळी आणि परळ-लालबागचा गिरणगाव ह्या वस्त्यांत तालमी व व्यायामशाळा ह्यांची परंपरा जुनी आहे. कोकणातून व घाटावरून आलेल्या कामगारांनी कुस्ती, कबड्डी, लेझीम ह्यांबरोबर मल्लखांबही शहरात आणला. दादरची वस्ती त्यामानाने नवी. शिवाजी पार्कचे मैदान नगरपालिकेने १९२५ मध्ये माहीम पार्क ह्या नावाने खुले केले आणि १९२७ मध्ये त्याला शिवाजी महाराजांचे नाव देण्यात आले. ह्याच मैदानाच्या कडेला असलेले श्री समर्थ व्यायाम मंदिर १९२५ मध्ये काळे गुरुजींनी स्थापन केले. मोकळ्या मैदानातील ही व्यायामशाळा मध्यमवर्गीय मुलामुलींना सहज जाता येण्याजोगी होती, त्यामुळे मल्लखांब येथे पहिलवानांचा न राहता शाळकरी वयाचा व्यायाम बनला.

ह्या संस्थेतील प्रशिक्षक उदय देशपांडे ह्यांनी अनेक दशके परदेशी विद्यार्थ्यांस शिक्षण देण्याचे व परदेशांत शिबिरे घेण्याचे काम केले. जर्मनीसारख्या देशात त्यातून वर्ग उभे राहिले. अमेरिकेत न्यू जर्सी राज्यात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांच्या पुढाकाराने मल्लखांबाचे शिक्षण सुरू झाले. दादर येथील अंध मुलींच्या शाळेतील विद्यार्थिनींनाही दोरीचा मल्लखांब शिकवण्यात आला. दोरीची पकड व वेढे स्पर्शाने कळत असल्यामुळे त्यांना तो चांगला साधला. देशपांडे ह्यांना २०२४ मध्ये पद्मश्री जाहीर झाली.

पहिली जागतिक स्पर्धा : विश्व मल्लखांब संघटनेच्या विद्यमाने २०१९ मध्ये शिवाजी पार्कवर भरलेल्या स्पर्धेत भारतासह सु. पंधरा देशांचे स्पर्धक आले होते. त्यांत अमेरिका, जपान, सिंगापूर, मलेशिया व काही यूरोपीय देश होते. पुरुष व स्त्रिया अशा दोन्ही गटांत स्पर्धा झाल्या. सांघिक विजेतेपद भारताने मिळवले. सिंगापूरचा संघ दुसरा व मलेशियाचा तिसरा आला. भारत व इतर संघ ह्यांच्या गुणांतील अंतर फार मोठे होते. बहुतेक परदेशी स्पर्धकांची तयारी थोड्या वर्षांची होती, तर भारतीय खेळाडू लहानपणापासून खांबावर वाढलेले होते. तरीही परदेशी स्पर्धकांनी ठरलेल्या नियमांनुसार संच सादर केले आणि परीक्षकांनी त्यांना गुण दिले, ही घटना महत्त्वाची होती. १९३६ मध्ये परदेशी माणूस मल्लखांबाचा केवळ प्रेक्षक होता, तो येथे प्रथमच प्रतिस्पर्धी म्हणून उभा राहिला.

नंतरचा काळ : ह्या स्पर्धेतील भारतीय खेळाडू आणि समर्थ व्यायाम मंदिराच्या विद्यार्थिनी हिमानी परब ह्यांना २०२१ चा अर्जुन पुरस्कार मिळाला. मल्लखांबासाठी दिलेला तो पहिलाच अर्जुन पुरस्कार होय. २०२२ चा अर्जुन पुरस्कार सागर ओव्हाळकर ह्यांना देण्यात आला. प्रशिक्षकांसाठी असलेला द्रोणाचार्य पुरस्कार योगेश मालवीय (२०२०) व गणेश देवरुखकर (२०२३) ह्यांना मिळाला. गुजरातमध्ये २०२२ साली झालेल्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांत मल्लखांबाचा समावेश होता. पूर्वी मुलींसाठी दोरीचाच मल्लखांब योग्य मानला जाई. अलीकडे पुरलेल्या मल्लखांबावरही त्यांच्या स्पर्धा होतात. हा बदल स्पर्धांच्या विस्ताराचा एक महत्त्वाचा लाभ म्हणता येईल.

मूल्यमापन : जागतिक म्हणवणारी स्पर्धा खऱ्या अर्थाने जागतिक होण्यास निकाल आधीच ठरल्यासारखा नसावा लागतो. मल्लखांबाची स्पर्धा अद्याप त्या टप्प्यावर पोहोचलेली नाही. परदेशांतील वर्ग थोडे असून ते बहुधा एखाद्या उत्साही शिक्षकावर किंवा भारतीय कुटुंबांच्या समूहावर अवलंबून असतात. प्रशिक्षित परीक्षकही प्रामुख्याने भारतीयच आहेत. मूळ भूमीचे वर्चस्व ओसरणे हे एखाद्या खेळाच्या प्रसाराचे एक लक्षण असते. नॉर्वेच्या परंपरेबाहेर वाढलेली उतारावरील शर्यत पुढे ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंड, फ्रान्स व इटली ह्या देशांनी आपलीशी केली. ह्या न्यायाने परदेशी संघाने भारतास हरवणे हे मल्लखांबाच्या प्रसारकांचे यशच ठरेल. त्याबरोबर गुणपत्रिकेत न बसणाऱ्या जुन्या प्रकारांचे जतन आखाड्यांतून व लेखी संग्रहांतून करणे, ही जबाबदारी मात्र मूळ भूमीकडेच राहते.