रोग, चित्र आणि श्रद्धा



सन १८६७ च्या ऑगस्टमध्ये स्वित्झर्लंडमधील बाझल येथील चित्रसंग्रहालयात एक रशियन गृहस्थ एका चित्रासमोर खिळून उभे राहिले. हान्स होल्बाइन याने १५२१-२२ च्या सुमारास रंगविलेले ते चित्र थडग्यातील मृत येशूचे. लांबी सुमारे साडेसहा फूट, उंची अवघी फूटभर. त्यात देवत्वाची प्रभा नाही. आहे ते केवळ काळवंडू लागलेले प्रेत. पत्नी आन्ना इतर दालने पाहून पंधरा-वीस मिनिटांनी परतली, तो पती तेथेच! अपस्माराचा झटका येण्यापूर्वी दिसणारी भयग्रस्त मुद्रा तिने ओळखली व त्यांना हात धरून बाकावर बसविले. झटका आला नाही. ते गृहस्थ म्हणजे कादंबरीकार फ्योदोर दोस्तोव्हस्की.

या प्रसंगात वैद्याला रोग दिसेल, चित्रकाराला कुंचल्याचे सामर्थ्य दिसेल, भाविकाला श्रद्धेची कसोटी दिसेल. दोस्तोव्हस्कींनी ही तिन्ही 'इडियट' (१८६८-६९) या कादंबरीत एकत्र गुंफली. नायक मिश्किन अपस्माराचा रोगी. त्याला मित्राच्या घरी त्याच चित्राची प्रत दिसते आणि असल्या चित्राने श्रद्धाच ढळेल, असे तो बोलून जातो. क्षयाने मरणाच्या दारी पोचलेला इप्पोलितही तेच चित्र आठवून सृष्टीच्या निर्दयतेपुढे हतबुद्ध होतो.

मग लेखकाची श्रद्धा हे त्याच्या रोगाचेच एक लक्षण समजावे काय? १९२८ साली सिग्मंड फ्रॉइड यांनी असे मांडले की, हा अपस्मार बहुधा मेंदूचा नसून मनाचा होता व पित्याविषयीच्या द्वेषाशी त्याचा संबंध होता. अमेरिकन साहित्याभ्यासक जोसेफ फ्रँक (१९१८-२०१३) यांनी आपल्या चरित्रग्रंथाच्या पहिल्या खंडात, १९७६ साली, या मताचा पाया तपासला आणि तो कच्चा असल्याचे दाखविले. १८३९ मध्ये पिता वारला तेव्हा पहिला झटका आला, याला भरवशाचा पुरावा नाही. स्वतः दोस्तोव्हस्की आपल्या झटक्यांचा आरंभ सैबेरियातील कारावासात झाला असे सांगत. फ्रँक यांनी रोग नाकारला नाही. रोगाला रोगाच्या जागी ठेविले आणि पाच खंडांत त्या काळच्या रशियातील वैचारिक व धार्मिक वादळांतून तो माणूस उभा केला.

१८७८ च्या मे महिन्यात दोस्तोव्हस्कींचा अल्योशा हा तीन वर्षांचाही न झालेला मुलगा अपस्मारानेच दगावला. शोकाकुल पिता पुढच्याच महिन्यात तत्त्वज्ञ सोलोव्योव्ह यांच्यासह ऑप्तिना मठात गेला व तेथील वृद्ध साधू अम्ब्रोसी यांना भेटला. 'करमाझोव्ह बंधू' (१८७९-८०) या कादंबरीत बालक गमावलेल्या मातेचे सांत्वन करणारा साधू आहे, अल्योशा नावाचा सुशील नायक आहे आणि अपस्मारी स्मेर्द्याकोव्ह हा खुनीही आहे. एकाच रोगाचे दोन रोगी, मिश्किन आणि स्मेर्द्याकोव्ह. एक साधुवृत्तीचा, दुसरा घातकी. यावरून रोग माणसाचे शील ठरवीत नाही, एवढे तरी उघड होते.

माझ्या वर्गात पूर्वी फेफरे येणारा एक मुलगा होता. त्याला कधी झटका येईल या धास्तीने मी त्याला दाराजवळ बसवी आणि प्रश्न विचारीत नसे. तो काय वाचतो, त्याला काय आवडते, हे मी कधी विचारलेच नाही. फ्रँक यांचा ग्रंथ वाचताना तो दाराजवळचा बाक मला वारंवार आठवला. मी वर्षभर त्याचा रोग पाहिला. मुलगा पाहावयाचा राहूनच गेला.