सोलापुरी कथा आणि जागतिक पडदा
जागतिक माध्यमव्यवहारात कथा प्रवास करते. तिची भूमी मात्र मागेच राहते काय? सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचे चरित्र व्ही. शांताराम यांनी १९४६ मध्ये पडद्यावर आणले, ते हिंदी व इंग्रजी भाषांत. सोलापूरचा माणूस जगापुढे गेला. त्याची बोली गेली नाही. नागराज मंजुळे यांच्या ‘सैराट’ने २०१६ मध्ये करमाळा परिसराची बोली आणि तेथील जातवास्तव बर्लिनच्या महोत्सवापर्यंत नेले. तथापि २०१८ च्या ‘धडक’ या हिंदी पुनर्निर्मितीत कथा उदयपुरास गेली आणि जातीचा प्रश्न पुसट झाला. प्रसाराची कक्षा रुंदावत असताना प्रदेशाच्या स्वतःच्या वाणीला किती अवकाश उरतो, हीच उद्याच्या चित्रपटव्यवहाराची खरी कसोटी होय.